चार, चार, चार, तीन

खोलीत सदतीस माणसं होती आणि खुर्च्या अकरा. एक ऑडिओमीटर, दोन हेडफोन, त्यातला एक बिघडलेला. एक आवाजमापक. आतल्या खोलीच्या भिंतींवर टांगलेल्या आठ गोधड्या. एक पंखा, जो चालू करायला मनाई होती. आणि या सगळ्यावर टिनाचं छप्पर. दिव्यानीनं सकाळीच हे वहीत लिहून घेतलं होतं. छप्पर तिनं सर्वात शेवटी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण आजच्या दिवसाचा खरा वैरी तेच होतं.

ब्रह्मपुरीतल्या राईस मिलमध्ये काम करणाऱ्यांचे कान तपासायचं शिबिर होतं. कान तपासायला शांतता लागते, आणि ऑगस्टमध्ये टिनाखाली शांतता मागून मिळत नाही. पावसाची सर आली की आवाजमापकाचा काटा साठाच्या पुढे जायचा. काटा चाळीसच्या खाली उतरेपर्यंत तपासणी बंद. मग दिव्यानी हात मांडीवर ठेवून बसायची आणि समोरचा माणूस छताकडे बघत बसायचा. अशा अकरा सरी आल्या, अकरा गेल्या. दुपारी चार वाजेपर्यंत छत्तीस जण झाले.

"देवानंद इस्तारी भानारकर!" बाहेरून नूतननं हाक मारली. नूतन शिबिर भरवणाऱ्या संस्थेची कार्यालयीन मदतनीस होती. तिचा आवाज असा, की तो ऐकायला कोणाला यंत्र लागू नये. "देवानंद भानारकर! ... अहो, देवानंदभाऊ!"

तिसऱ्या हाकेला शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा तो उठला.

पस्तिशीचा असेल. उंच, सडपातळ. दोन्ही हातांच्या तर्जनीवर सारख्याच जागी घट्टे. अंगात धुऊन धुऊन राखाडी झालेला काळा टी-शर्ट, आणि त्यावर रंगानं लिहिलेली इंग्रजी अक्षरं – कॉपर लँटर्न. अक्षरं छापील नव्हती. नाटकाच्या बॅनरवर असतात तशी, सावली दिलेली, ऐटबाज.

"बसा भाऊ," दिव्यानी म्हणाली, आणि नेमकी बारावी सर आली.

काटा एकसष्टवर गेला. तिनं हेडफोन खाली ठेवला.

"आता का करायचं, मॅडम?"

"थांबायचं."

"अना नाईच थांबला पानी, तं?"

"तर आणखी थांबायचं."

तो हसला. हसताना त्यानं नजर हलवली नाही. तो तिच्या डोळ्यांत पाहत नव्हता. त्याची नजर थोडी खाली, तिच्या ओठांवर होती. दिव्यानीनं ओढणी सारखी केली. एकतीस वर्षांच्या आयुष्यात एवढं एकटक तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. अशा पाहण्याची तिला दोन कारणं दिसत होती. दोन्ही तिनं मनात शेजारी शेजारी ठेवली आणि कोणत्याच बाजूला माप टाकलं नाही.

"शर्टवर काय आहे?" तिनं विचारलं.

"बँड हाय जी. चार पोट्टे... म्हंजे आता बुढे झाले असन थे. मी बारावीत होतो, तवा मोठ्या भावानं नागपुराहून कॅसेट आनली होती. तवापासून दुसरं काई कानाले लागलंच नाई. आमच्या कंपनीचा पेंटर हाय ना, त्यानं लिहून देल्लं."

"रॉक?"

"रॉक." त्याच्या भुवया वर गेल्या. "तुमाले मालूम हाय रॉक?"

"मला काय झालं न माहीत असायला? माझाही आहे एक बँड. लहानपणापासूनचा."

"कोनता?"

"विलायती चार."

त्यानं कपाळाला आठी घातली. ती पुन्हा म्हणाली, सावकाश, "वि-ला-य-ती चार."

"असा बँड नसते, मॅडम."

"असतो. कॅसेट आहे माझ्याकडे. लेबलवर लिहिलंय."

"कोनी लिहिलं?"

"डोमाभाऊंनी. चामोर्शीच्या आठवडी बाजारात दुकान होतं त्यांचं. कॅसेट भरून द्यायचे."

देवानंदनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग अगदी आदरानं त्यानं विचारलं, "अना मॅडम... विलायती एक, दोन, तीन कुठी हाय?"

पदार्थविज्ञानात वर्गात पहिली आलेली, श्रवणशास्त्राची पदवी घेतलेली, खुर्च्यासुद्धा मोजून लिहिणारी दिव्यानी उघड्या तोंडानं त्याच्याकडे पाहत राहिली. अठरा वर्षांत हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. चार विलायती माणसं, म्हणून विलायती चार. तेराव्या वर्षी जे मनात बसलं, त्याला नंतर कोणी हात लावला नव्हता.

"ते... वेगळे बँड असतील," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या तिला कळल्या.

"नंबर घातला असन जी डोमाभाऊनं! विलायती कॅसेट, नंबर चार!" तो मान मागे टाकून हसला, आणि मग तिचा चेहरा पाहून एकदम थांबला. "बरं... राहू द्या. नाव काई का असेना. गानारा कसा हाय तुमचा?"

"जड आवाजाचा. विहिरीत खाली बसून गातोय असा. घाई नाही त्याला कसली. आणि तुमचा?"

"माझा धावते. नदीच्या ह्या काठावरून त्या काठच्या मानसाले हाक मारून राह्यला, असा. अना डोंगा सुटून चालला हाय."

"मग माझा बरा. दमत तरी नाही. गाणाऱ्यात एक गुण मला. आता ड्रम—"

"ड्रमचं बोलू नका. थे माझं खातं हाय." त्यानं दोन तर्जन्या टेबलाच्या कडेवर ठेवल्या. "मी नाटक कंपनीत ड्रम वाजवतो. दिवाळी ते होळी. बाकी दिवस मिल, नाईतर बाबासोबत तलावावर जाळं."

सर थांबली होती. काटा अडतीसवर होता. किती वेळापासून होता, ते दिव्यानीनं पाहिलं नव्हतं. असं आज पहिल्यांदाच झालं.

तिनं त्याला आतल्या खोलीत, गोधड्यांच्या मध्ये बसवलं. "आवाज आला, कितीही बारीक असो, की बटण दाबायचं. नाही आला तर नाही दाबायचं."

तपासणी सुरू झाली. दर आवाजाला त्याचं बटण दाबलं गेलं. आवाज बारीक होत गेला, तरी दिवा लागतच राहिला. सर्वात उंच पट्टीत दहा डेसिबलपर्यंत! सकाळपासूनच्या छत्तीस जणांत त्या पट्टीत तीसच्या खाली एकही आला नव्हता. दहा वर्षं मिलच्या पॉलिशरशेजारी आणि नाटकाच्या स्पीकरसमोर काढलेला माणूस, आणि कान नवजात बाळाचे?

दिव्यानीनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. ती दर तीन सेकंदांनी आवाज सोडत होती. दिवसभराच्या सवयीनं, अगदी नेमानं, तीन... तीन... तीन.

तिनं बोट उचललं आणि काहीच वाजवलं नाही.

तीन सेकंद गेले. दिवा लागला.

आणखी तीन. पुन्हा लागला. असा चार वेळा, पूर्ण शांततेत.

ती आत गेली आणि त्याच्या कानावरचा हेडफोन काढला. "तुम्ही आत्ता चार वेळा बटण दाबलंत. मी काहीच वाजवलं नव्हतं."

तो खाली पाहू लागला. मग म्हणाला, "तुमी एका लयीत वाजवता जी. तीन सेकंदाले एक. माझं कामच थे हाय."

"का पण?"

"कंपनीचे बापूजी म्हनाले, कागद आन. मांगच्या सीझनले दोनदा माझा हात उशिरा पडला. नट बोलला थे मले ऐकू नाई आलं. दसऱ्यापासून तालीम हाय. कानाचा कागद असन तं ड्रमवर बस, नाई तं..." पुढचं त्यानं हातानं सांगितलं. हात हवेत उघडला आणि तसाच मांडीवर पडला.

दिव्यानीनं पुन्हा तपासणी केली. या वेळी कधी दोन सेकंद, कधी सात, कधी अकरा. दिवा लागत होता, पण फार कमी. उजवा कान, चार हजार हर्ट्झ : साठ डेसिबल. डावा : पंचाहत्तर. तिनं आलेख त्याच्यासमोर ठेवला. डावीकडून रेघ सरळ येत होती, आणि उजवीकडे तलावाच्या पाळीवरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

"इथं काय असते?" त्यानं रेघ घसरली होती तिथं बोट ठेवलं.

"बारीक, उंच आवाज. पाखरं. श, स, फ. आणि... झांजा."

त्याचं बोट तिथंच राहिलं. "ड्रमच्या झांजा मी दोनदा बदलल्या, मॅडम," तो म्हणाला. "वाटलं, तडकल्या असन. नव्या आनल्या, तं थ्याही तशाच वाजे. दुकानदाराशी भांडलो मी."

"ऐकायचं यंत्र लावता येईल कानाला," ती म्हणाली. तिनं कागदाची घडी करून त्याच्यापुढे सरकवली. त्यानं ती घेतली नाही. दारापर्यंत जाऊन मात्र तो वळला.

"थे विलायती चार आना एकदा. तुमी माझे कान तपासले. मी तुमचा बँड तपासतो."

*

पुढच्या बुधवारी तो संस्थेच्या दोन खोल्यांच्या, टिनाच्याच छपराच्या दवाखान्यात आला. कागद मागायला नाही. "वाद अर्धा राह्यला होता," म्हणाला. त्याच्या पुढच्या बुधवारी गिटारवाल्यांवर वाद झाला आणि बरोबरीत सुटला. दिव्यानीचा गिटारवाला एक सूर धरला की तो विझेपर्यंत सोडायचा नाही. देवानंदचा एका सुरावर दोन क्षण ठरायचा नाही. "तुमचा गिटारवाला जेवून बसला हाय," तो म्हणायचा. "आणि तुमच्याला जेवायला वेळच नाही," ती म्हणायची. बोलताना त्याची नजर तिथंच असायची, तिच्या ओठांवर. आणि ती बोलताना नकळत सावकाश बोलायची, एकेक शब्द नीट उचलून त्याच्या हातात द्यावा तशी.

"मॅडम, तुमचे विलायती पेशंट आले," नूतन दारातून वर्दी द्यायची. एकदा तिनं विचारलंच, "सगळ्याहीले भाऊ म्हनता. ह्याहीले काऊन नाई म्हनत?"

"म्हणते की."

"पयल्या दिवशी म्हनलं. मी मोजून राह्यली ना!"

मोजण्याची सवय संसर्गजन्य असते, हे दिव्यानीला ठाऊक नव्हतं. रात्री तिनं आठवून पाहिलं. नूतनचा हिशेब बरोबर होता.

शनिवारी ती गावी गेली. चामोर्शीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं घर, मागे धानाच्या बांध्या. वडिलांचा, म्हणजे नानाजींचा, जुना रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन माळ्यावर होता. लाकडी कपाटासारखा, समोर जाळी.

"हा डब्बा कुठी नेऊन राह्यली?" नानाजींनी विचारलं.

"तपासाले नेतो, बाबा."

"कान तपासतेस तं डब्बेबी तपासतेस का आता?" नानाजींनी स्वतःच्या दुपट्ट्यानं त्यावरची धूळ पुसली. "चालते अजून. हळू चालते, पन चालते. तुह्या बापावानी."

गडचिरोली, आरमोरी, वडसा. परतीच्या बसमध्ये तिनं तो पूर्ण वेळ मांडीवर धरला होता.

तिसऱ्या बुधवारी तिनं कॅसेट लावली. लेबलवर निळ्या शाईत डोमाभाऊंचं गोल अक्षर – विलायती ४. देवानंदनं ते वाचलं आणि काही बोलला नाही, हे त्याचे उपकारच. आधी खरखर आली, मग ते गाणं. तिचं गाणं. विहिरीच्या तळातला तो सावकाश, जड आवाज. या आवाजानं तिला दहावीला झोपू दिलं नव्हतं आणि कॉलेजच्या वसतिगृहात रडू दिलं होतं.

"ऐकू येतं?"

"गुनगुन येते. गानं नाई समजत." त्यानं दोन्ही तळवे टू-इन-वनच्या लाकडावर ठेवले, आणि डोळे मिटले.

तो तिच्या ओठांकडे पाहत नव्हता असा हा पहिलाच क्षण. दिव्यानीला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. खिडकी तर बंद होती.

त्याच्या तर्जन्या हलू लागल्या. लाकडावर, अगदी हळू. मग कपाळाला ती ओळखीची आठी पडली.

"चार," तो पुटपुटला. "चार... चार... तीन." पुन्हा, "चार, चार, चार, तीन." डोळे उघडले. "दर चवथ्या ओळीले एक ठोका खाते हा मानूस! जिन्याची एक पायरी नाई, असा पाय खाली जाते." त्याचा आवाज बदलला होता. "मॅडम, ह्या मानसाले मी ओळखतो."

त्यानं फोन काढला आणि आपलं गाणं लावलं. दिव्यानीला ते अनोळखी वाटलं. उंच आवाजाचा, धावणारा गाणारा, वर कसलीतरी चंदेरी सळसळ. पण खाली... चार, चार, चार, तीन.

"नाही," ती म्हणाली. "हा तो नाही."

"मोजा ना मंग. तुमी तं मोजता."

तिनं घड्याळ घेतलं. एका मिनिटात त्याच्या गाण्याचे ठोके शहाण्णव. कॅसेटचे बहात्तर. पुन्हा मोजले, तेवढेच. मग तिनं टू-इन-वनचं मागचं झाकण उघडलं. चक्र फिरवणारा रबरी पट्टा सैल पडला होता. बोट लावलं तर लोंबत होता. किती वर्षं सैल होता कोणास ठाऊक; कदाचित ती तेरा वर्षांची होती तेव्हापासूनच. चक्र हळू फिरलं की गाणं हळू होतं, आणि गाणाऱ्याचा आवाज जड. एवढं साधं विज्ञान.

"म्हणजे विलायती चार..."

"...म्हंजे कॉपर लँटर्न. आपला एकच बँड हाय जी."

ती हसली. मग हसू हळूहळू ओसरलं. तो जड, सावकाश आवाजाचा माणूस जगात कुठंच नव्हता तर. तो फक्त नानाजींच्या डब्यात राहत होता. अठरा वर्षं तिनं जीव लावला तो एका सैल पट्ट्यावर!

तिनं तसं म्हटलं, तर देवानंद गंभीरपणे म्हणाला, "असा कसा नाई? तुमी ऐकला ना त्याले."

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "यात झांजा कशा वाजते? माझ्या फोनात आता मले नाई येत. तुमी सांगा."

"यात झांजा नाहीत."

"मजाक करता का?"

"खरंच नाहीत. डोमाभाऊ नकलेची नक्कल करायचे. तसं केलं की वरचे आवाज सगळ्यात आधी जातात. या गाण्यात झांजा आहेत हे मला आत्ता तुमच्या फोनवर कळलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. "म्हंजे मी आता जसं ऐकतो, तसंच तुमी पयल्यापासून ऐकलं."

"हो."

"अना तरी आवडलं?"

"तरी."

बाहेर रस्त्यावरून धानाची पोती लादलेली एक जीप गेली, आवाज विरला. देवानंदनं खिशातून रुमाल काढला, उगाच तोंड पुसलं.

"लावा मंग थे मशीन कानाले," तो म्हणाला. "लावून पाहू."

आत्ताच विचारायला हवं होतं. नंतर धीर झाला नसता. दिव्यानीनं कॅसेट काढून डबीत घातली, डबी बंद केली, आणि डबीकडेच पाहत म्हणाली, "एक विचारू?"

उत्तर आलं नाही. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं मान वर केली. "एक विचारू? मी बोलताना तुम्ही माझ्या ओठांकडे पाहता."

"पायतो."

"ऐकू येत नाही म्हणून?"

त्याच्या तर्जन्या टेबलाच्या कडेवर थांबल्या. "कसं सांगू जी... सुरुवातीले त्याच्यासाठीच होतं." त्यानं तर्जन्या मुठीत मिटल्या. "आता मले बी मालूम नाई."

"मशीन लागल्यावर कळेल," ती म्हणाली. आवाज शक्य तेवढा कामकाजी ठेवून.

"समजन," तो म्हणाला.

*

आधी कानाचा साचा घ्यावा लागतो. मऊ लगदा कानात भरायचा आणि पाच मिनिटं तो घट्ट होऊ द्यायचा. त्या वेळात बोलायचं नाही, जबडा हलवायचा नाही. दिव्यानीनं आजवर शेकडो साचे घेतले होते. या वेळी तिचा हात त्याच्या कानामागच्या केसांना लागला, आणि पाच मिनिटं किती लांब असतात ते तिला पहिल्यांदा समजलं. तो भिंतीकडे पाहत होता. ती घड्याळाकडे. दोघंही प्रामाणिकपणे.

साचा नागपूरला गेला आणि यंत्र यायला एकोणीस दिवस लागले. संस्थेकडून एकच मिळायचं, तेही चांगल्या कानाला. त्या एकोणीस दिवसांत देवानंद एकदाच येऊन गेला. तिनं त्याला स्पष्ट सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तसंच. "यंत्रानं बोलणं ऐकू येईल. झांजा पहिल्यासारख्या नाही येणार. आणि स्पीकरसमोर आणखी सीझन काढलेत, तर जे उरलंय तेही जाईल."

"सगळं?"

"बरंच."

तो उठला, आणि या वेळी आलेखाचा कागद मागून घेऊन गेला. त्या रात्री दिव्यानीनं वहीत काही लिहिलं नाही. तपासणी करणाऱ्याचा दोष नसतो, हे तिला शिकवलेलं होतं. पण एका माणसाच्या हातातल्या ड्रमच्या काड्या आपण काढून घेतल्या, हेही खरंच होतं. आणि वर हेच हात त्याला यंत्र लावणार होते. ते लागल्यावर त्याला कोणाच्याच ओठांकडे पाहायची गरज उरणार नव्हती.

सप्टेंबरच्या शेवटच्या बुधवारी तो आला. काळा टी-शर्ट नव्हता, पांढरा सदरा होता, इस्त्रीचा.

"बापूजीले सांगून आलो," खुर्चीवर बसता बसता तो म्हणाला. "कागदबी दाखवला. खरा कागद. ड्रमवर आता कंपनीतल्या मनोहरचा पोरगा बसन. मी लाइट पायतो. लाइटले कान लागत नाई." त्यानं हसायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. "काड्या त्यालेच देल्या मी. घरी ठेवल्या असत्या तं... रोज दिसल्या असत्या."

दिव्यानीनं यंत्राची पेटी उघडली. तिनं यंत्र त्याच्या उजव्या कानात बसवलं आणि चालू केलं.

तो दचकला. मग अगदी स्तब्ध झाला. "हे... खस खस कशाचं हाय?"

"माझ्या ओढणीचं."

"एवढी वाजते ओढनी?" त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

आता शेवटची चाचणी. पेशंटनं पाठ करून बसायचं. दोन मीटरवरून कुजबुजत दहा शब्द म्हणायचे, त्यानं ऐकलेलं परत म्हणायचं. दिव्यानीनं टेपनं दोन मीटर मोजून फरशीवर खडूची रेघ काढली. देवानंद भिंतीकडे तोंड करून बसला. आवाजमापकाचा काटा चौतीसवर होता. नूतन, न सांगता, दार ओढून घेऊन बाहेर गेली होती.

"पाणी," दिव्यानी कुजबुजली.

"पानी."

"काठी."

"काठी."

"दोरी... माती... वाटी..." एकेक शब्द जात होता आणि परत येत होता. तिच्या वहीत बरोबरच्या खुणा होत होत्या.

"शेळी."

जरा वेळ गेला. "शेळी," तो म्हणाला. मग हळूच, "श आला, जी."

"भाजी." "रेती." "गाडी." नऊ झाले.

यादीतला दहावा शब्द होता 'फळी'. दिव्यानीनं तो वाचला. मग वही मिटली. समोर त्याची पाठ होती, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याची, ताठ, वाट पाहणारी. त्याला तिचे ओठ दिसत नव्हते. आज पहिल्यांदाच दिसत नव्हते, आणि म्हणूनच बोलता येईल असं तिला वाटलं.

"आता गरज नाही," ती कुजबुजली, "तरी पाहाल माझ्याकडे?"

पांढरी पाठ हलली नाही.

एक... दोन... तीन. ती मोजू लागली. चार. पाच. कदाचित जास्तच हळू बोललो आपण. सहा. कदाचित आलंच नसेल ऐकू, आणि तसं असेल तर बरंच झालं. सात—

खुर्ची करकरली. तो वळला होता.

"नियम का होता?" त्यानं विचारलं. "ऐकलं थे परत म्हनायचं."

"हो."

"हे कसं परत म्हनू? हे तं विचारलं हाय तुमी मले." तो तिच्याकडे पाहत होता. ओठांकडे नाही, ते तर मिटलेले होते. तो तिच्या डोळ्यांत पाहत होता, पहिल्यांदाच, आणि घाई कसलीच नव्हती. "पाहीन. सीझनमंदी बी, बिनसीझनचं बी. मशीन बंद पडली तरी... अना तू? तू पाहशील?"

दिव्यानीची दवाखान्यातली मराठी तिला सोडून गेली. "मी तं पयल्या दिवसापासून पाहून राह्यली," ती म्हणाली. "अकरा सरी गेल्यावर बारावी आली, तवापासून."

टिनावर एक थेंब वाजला, मग दुसरा, मग खूप. देवानंदनं छताकडे पाहिलं, कानाशी हात नेला आणि नुसता ऐकत राहिला. काटा चाळीस ओलांडून वर चालला होता.

तिनं वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं : उजवा कान, यंत्रासह, पाठमोरा, कुजबूज, अंतर दोन मीटर – दहापैकी दहा.